‘पुढे घ्या, पुढे घ्या’ म्हणणाऱ्या साहेबांना काय दाखवायचं?

प्रश्न : एका जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कनिष्ठ अभियंता लिहितात : दर महिन्याच्या आढावा बैठकीत आमच्या तालुक्याचं सादरीकरण माझ्याकडे असतं. रात्री जागून पीपीटी करते. आमच्या उपअभियंता साहेबांचा आग्रह असतो की सगळी माहिती आली पाहिजे, म्हणून चौदा रकान्यांचे तक्ते, गावनिहाय याद्या, फोटो असं सगळं घालते. मागच्या बैठकीत चौथ्या स्लाइडलाच सीईओ साहेब ‘पुढे घ्या, पुढे घ्या’ म्हणू लागले आणि मी गडबडले. स्लाइडवरचं वाचून दाखवण्यापलीकडे काही बोलताच आलं नाही. त्यात बैठकीतल्या कॉम्प्युटरवर माझी निम्मी मराठी अक्षरं चौकोन होऊन दिसली. शेजारच्या तालुक्याच्या सहकाऱ्यांचं मात्र कौतुक झालं. त्यांच्या स्लाइड देखण्या असतात, ॲनिमेशन असतं. मला डिझाइनमधलं काही कळत नाही. पैसे भरून कोर्स करू का? भाचा म्हणतो, एआयवर करून देतो. तसं करू का? आणि कमी लिहिलं तर ऐनवेळी विसरेन, ही भीती आहेच.

उत्तर :

तुम्हाला डिझाइन कळत नाही म्हणून हे झालं, हे तुमचं निदान मला पटलेलं नाही. सहकाऱ्यांचं कौतुक झालं आणि त्यांच्या स्लाइड देखण्या होत्या, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण पहिली गोष्ट दुसरीमुळेच झाली, असं तुम्ही धरून चालला आहात. पुढच्या बैठकीत त्यांच्या स्लाइडचे रंग बाजूला ठेवा आणि नुसतं ऐका. पहिल्या मिनिटात ते काय सांगतात? आकडा सांगून मोकळे होतात, की तो तसा का आहे हेही सांगतात? वरिष्ठांकडून काय हवं, ते स्पष्ट मागतात का? ओळीने एकेका तालुक्याचा आढावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला अक्षरं उडत आली काय आणि सरकत आली काय, फारसा फरक पडत नाही. काम कुठे अडलंय आणि त्यात आपण काय करायचं, एवढं त्याला कळायला हवं असतं. ‘पुढे घ्या’ हे मीही बैठकांमध्ये पुष्कळ ऐकलं आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘मला हवं ते अजून आलेलं नाही’ एवढाच असतो. तो तुमच्यावरचा राग नाही, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. एकाच स्लाइडकडून तुम्ही तीन कामं करून घेताय. विसरू नये म्हणून तुम्ही तिच्यावर लिहिता, कार्यालयात नोंद राहावी म्हणून साहेब तिच्यात भर घालायला लावतात, आणि वर ती समोरच्यांना दुरून दिसावी अशीही तुमची अपेक्षा आहे. तिन्ही कामं रास्त आहेत, पण त्यांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. नोंद जितकी भरगच्च तितकी चांगली. पडद्यावरचा मजकूर जितका मोजका तितका चांगला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी घडवलेलं पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आलं, तेव्हापासूनच त्यात पडद्यावरचं पान, बोलणाऱ्याची टिपणं आणि श्रोत्यांना वाटायची पानं यांची सोय वेगवेगळी आहे. आपण मात्र तिन्ही एकाच चौकटीत कोंबतो.

असं कोंबल्याने काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण सांगते. ते ऐकल्यापासून मी कुठलीही स्लाइड आधी खालून वर वाचते. जानेवारी २००३ मध्ये ‘नासा’चं कोलंबिया अवकाशयान उडालं तेव्हा त्याच्या बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो व्यवस्थापनापुढे स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचणाऱ्याला धीर वाटावा असं होतं. खरी गोष्ट सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत होती : चाचण्या ३ घन इंचाच्या तुकड्यावर झालेल्या होत्या, आणि आदळलेल्या तुकड्याचा अंदाज होता १,९२० घन इंच. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. दुर्घटनेचं कारण ती स्लाइड नव्हती. पंखाला पडलेलं भगदाड हे कारण होतं. पण चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात त्या स्लाइडची दखल घेतली आणि तांत्रिक टिपणांऐवजी स्लाइडवर काम भागवण्याच्या सवयीवर बोट ठेवलं.

तुमच्या तालुक्यातही असा एखादा आकडा चौदा रकान्यांतल्या बाराव्या रकान्यात पडून असेल. तो वर आणणं हे तुमचं पहिलं काम. आकडे मी नमुन्यादाखल घेते. समजा तालुक्यात ८४ योजना आहेत, ५१ पूर्ण झाल्या, ३३ बाकी. बाकीच्यांपैकी १९ ठिकाणी टाकीसाठी जागा मिळत नाही, ९ ठिकाणी वीजजोडणी नाही, ५ ठिकाणी ठेकेदाराने काम सोडलंय. आज तुमच्या स्लाइडचं शीर्षक असेल ‘योजनांची सद्यस्थिती’. त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा : ‘बाकी ३३ योजनांपैकी १९ जागेअभावी अडल्या आहेत’. शीर्षक हे पूर्ण वाक्य असू द्या, क्रियापदासकट. असं वाक्य लिहायला बसलं की आपल्याला त्या स्लाइडवर नेमकं काय म्हणायचंय हे आपल्यालाच उमगतं, आणि कधीकधी काहीच म्हणायचं नाही हेही उमगतं. मग ती स्लाइड काढून टाकायची.

सगळी शीर्षकं लिहून झाली की ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘आउटलाइन व्ह्यू’ उघडा. तिथे फक्त मजकूर ओळीने दिसतो. नुसती शीर्षकं वरून खाली वाचा. त्यातून तालुक्याची महिन्याची हकिगत कळली पाहिजे. एक दक्षता घ्या : शीर्षक हे स्लाइडवर मुळात दिलेल्या शीर्षकाच्या चौकटीतच लिहा. वेगळी टेक्स्ट बॉक्स ओढून लिहिलेला मजकूर आउटलाइनमध्ये येत नाही, आणि पुढे सगळ्या शीर्षकांचा आकार एकदम बदलायचा म्हटलं तर त्याचा बदलत नाही.

आता ‘सगळी माहिती आली पाहिजे’ या आग्रहाबद्दल. तुमच्या उपअभियंता साहेबांचं म्हणणं चुकीचं नाही. सीईओंनी अचानक एखाद्या गावाचं नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही, तर बोलणी त्यांना बसतात. तेव्हा माहिती काढायची नाही, तिची जागा बदलायची. मुख्य सादरीकरण सहा-सात स्लाइडचं करा आणि सगळे गावनिहाय तक्ते त्यानंतर परिशिष्ट म्हणून जोडा. त्या स्लाइडवर उजवं क्लिक करून ‘हाइड स्लाइड’ केलं की ओळीने दाखवताना त्या येत नाहीत, पण फाइलमध्ये असतात. कुठल्या गावाचा तक्ता कितव्या स्लाइडवर आहे याची यादी कागदावर छापून हाताशी ठेवा. साहेबांनी गाव विचारलं की स्लाइड शो चालू असतानाच तो क्रमांक टाइप करून एंटर दाबा. थेट तिथे जाता येतं, लपवलेल्या स्लाइडवरसुद्धा. असं दोनदा झालं की तुमच्याकडे सगळी माहिती आहे याची खात्री सगळ्यांना पटते, आणि त्यासाठी ती सगळी पडद्यावर मांडावी लागत नाही.

याच्या जोडीला एका पानाची टिपणी छापून न्या. आपल्या कार्यालयांत टिपणी लिहिण्याची चांगली परंपरा आहे आणि पीपीटीच्या नादात आपण ती सोडत चाललो आहोत, याचं मला वाईट वाटतं. अमेझॉनसारख्या कंपनीने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद करून लेखी टिपणं आणली, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे ती शांतपणे वाचतात. तुम्हाला एवढं टोक गाठायचं नाही. पण तक्ता वाचायचाच असेल तर तो हातातल्या कागदावर वाचला जातो; भिंतीवर तो नुसता दिसतो.

राहिला तुमच्या विसरण्याचा प्रश्न. प्रत्येक स्लाइडच्या खाली ‘नोट्स’ची जागा असते. बोलायचं ते तिथे लिहा, अगदी पूर्ण वाक्यांत. लॅपटॉप तुमच्याच समोर असेल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. मग प्रेझेंटर व्ह्यूमध्ये तुमच्या पडद्यावर टिपणं आणि पुढची स्लाइड दिसते, भिंतीवर फक्त चालू स्लाइड. पण जिल्हा परिषदेच्या सभागृहात बहुधा फाइल ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर असते आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला माइक धरून उभ्या असता. म्हणून प्रिंटमध्ये ‘नोट्स पेजेस’ निवडून ती पानं छापा आणि हातात ठेवा. कागद पाहून बोलण्यात कमीपणा नाही. आदल्या दिवशी घरी मोठ्याने बोलून पाहा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. जिथे अडखळाल, तिथे बहुतेक वेळा स्लाइडचाच क्रम चुकलेला असतो.

चौकोन झालेल्या अक्षरांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हा त्रास मराठीत सादरीकरण करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी होतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की सगळं निरर्थक दिसतं. म्हणून जुन्या फाइलींतला मजकूर कॉपी करत बसू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असतात त्या पद्धतीत, एकदा नीट टाइप करा किंवा कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि जोडाक्षरं तपासा. युनिकोडमध्ये असूनही अक्षरं बिघडत असतील, तर तुम्ही वापरलेला फॉन्ट तिथे नाही. विंडोज ८ पासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये ‘निर्मला यूआय’ असतोच, तो वापरला की हा प्रश्न सहसा येत नाही. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा मोफत फॉन्ट आवडत असेल, तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या वाटेने जाऊन फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करण्याच्या, म्हणजे फाइलसोबतच नेण्याच्या, पर्यायावर खूण करा. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये हीच सोय फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट’ या टॅबखाली आहे. आणि काहीही केलंत तरी पेनड्राइव्हवर एक पीडीएफ प्रत असू द्या. तिच्यात ॲनिमेशन चालत नाही, पण अक्षरं जशी तुम्ही पाहिली तशीच दिसतात. पीडीएफ ॲडोबीच्या रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि एल दाबलं की पूर्ण पडदाभर येते.

देवनागरीचं आणखी एक. आपल्या ओळीच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. ओळी चिकटून ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. ओळींमधलं अंतर एकपेक्षा थोडं जास्त, १.१ किंवा १.२ ठेवा. अक्षर तिरकं करू नका, त्याला सावली देऊ नका. सगळाच मजकूर ठळक केलात तर ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या पोकळ्या बुजतात. मजकुराचा आकार २४ च्या खाली नेऊ नका. मजकूर मावत नाही म्हणून पॉवरपॉइंट आपोआप अक्षर लहान करू लागलं, तर वाक्यं कमी करायची वेळ आली असं समजा. मग लॅपटॉप टेबलावर ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा.

फॉन्ट, आकार, रंग, पायथ्याचा पानक्रमांक हे सगळं ‘व्ह्यू’मधल्या ‘स्लाइड मास्टर’मध्ये एकदाच ठरवा. ही एक गोष्ट शिकलात तर रात्रीचं जागरण खूप कमी होईल. मास्टरमध्ये बदललं की सगळ्या स्लाइडवर बदलतं, आणि पुढच्या महिन्यात तीच फाइल घेऊन फक्त आकडे भरायचे. पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, जवळपास काळी अक्षरं आणि लक्ष वेधायला एकच गडद रंग एवढं पुरतं. सभागृहात दिवे आणि खिडक्या चालूबंद कशाही असतात, जुना प्रोजेक्टर फिका दाखवतो. निळ्यावर पिवळं किंवा फोटोवर अक्षरं तिथे टिकत नाहीत. पूर्ण-अपूर्ण दाखवायला नुसता हिरवा-लाल वापरू नका, कारण पुष्कळांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. सोबत शब्द लिहा.

आलेखात त्रिमिती पाय चार्ट तर नकोच. तिरपा केल्यामुळे पुढची फोड मोठी दिसते आणि मागची लहान, म्हणजे आकडा खरा असून चित्र खोटं सांगतं. तुमच्या कामाला आडव्या पट्ट्यांचा आलेख सगळ्यात चांगला, कारण गावांची लांब नावं डाव्या बाजूला सरळ वाचता येतात. पट्ट्या मोठ्यापासून लहान अशा लावा, आकडा पट्टीच्या टोकाशी लिहा, मग मागच्या रेघा आणि बाजूची रंगसूची काढून टाका. वरच्या उदाहरणात १९ ची पट्टी गडद, बाकी दोन राखाडी. बघणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते.

एक्सेलमधून आलेख आणताना मात्र सांभाळा. नुसता चिकटवताना ‘एम्बेड’ हा पर्याय निवडला गेला तर आलेखाच्या मागे ती संपूर्ण एक्सेल फाइल स्लाइडमध्ये येऊन बसते. त्यात लाभार्थ्यांची नावं, मोबाइल क्रमांक असतील आणि ती पीपीटी तुम्ही व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर ते सगळं गटाकडे गेलं. म्हणून बाहेर पाठवायच्या फाइलमध्ये आलेख ‘पिक्चर’ म्हणून चिकटवा.

साइटचे फोटो एका स्लाइडवर एकच, फार तर आधीचा-नंतरचा असे दोन. कोपऱ्याला धरून मोठा करा, बाजूला धरून ओढलं की टाकी बुटकी होते. खाली गाव आणि तारीख. फाइल जड झाली तर ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ आहे.

कोर्सबद्दल विचारलंत. नावड नसेल तर जरूर करा, पण या बैठकीसाठी त्याची गरज नाही. स्लाइड मास्टर, आउटलाइन आणि आलेख या तीन गोष्टी एका रविवारी दुपारी स्वतःच्या जुन्या फाइलवर करून पाहिल्या की येतात. भाच्याच्या मदतीला नाही म्हणू नका, पण त्याच्याकडून काय घ्यायचं ते ठरवा. एआय चकचकीत स्लाइड काही क्षणांत देतं. पण तुमच्या १९ गावांत जागा का मिळत नाही, कुठे गावठाणाचा वाद आहे आणि कुठे वनविभागाची परवानगी अडली आहे, हे त्याला माहीत नाही. ती जागा ते गुळगुळीत वाक्यांनी भरतं, कधी न दिलेले आकडेही घालतं, आणि त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. लांब परिच्छेद लहान करून घ्या, दोन शीर्षकांतलं कुठलं स्पष्ट आहे हे विचारा. लाभार्थ्यांची यादी मात्र कुठल्याही बाहेरच्या संकेतस्थळावर चढवू नका. ॲनिमेशनलाही माझा सरसकट विरोध नाही. विहीर, पंपघर, शुद्धीकरण, टाकी, गाव अशी योजना एकेक टप्पा आणत समजावायची असेल तर साधा ‘अपिअर’ उपयोगी पडतो. तेवढाच ठेवा.

वर्गात शिकवणारे शिक्षक, बचत गटांना प्रशिक्षण देणाऱ्या ताई, प्रबंधाची मौखिक परीक्षा देणारे विद्यार्थी यांनाही यातलं बरंचसं लागू आहे. फरक एवढाच की त्यांना निर्णय मागायचा नसतो, समजावायचं असतं. म्हणून त्यांनी मधेमधे पडद्याला विश्रांती द्यावी. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. लोक लगेच बोलणाऱ्याकडे पाहू लागतात.

पुढच्या महिन्याची फाइल करताना लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर तीन वाक्यं लिहा : या महिन्यात काय बदललं, कुठे अडलंय, आणि सीईओंनी काय करावं अशी आमची विनंती आहे. हाच तुमचा क्रम. दुसरीच स्लाइड ‘१९ गावांत जागा नाही’ अशी आली की ‘पुढे घ्या’ म्हणायला कारण राहणार नाही. ही मांडणी बैठकीच्या दोन दिवस आधी उपअभियंता साहेबांना दाखवा, आणि परिशिष्ट आधी दाखवा, म्हणजे काही गाळलेलं नाही हे त्यांना पटेल. ‘साहेब, या वेळी अशी करून बघू, नाही जमलं तर पुढच्या महिन्यात जुनी आहेच,’ एवढं म्हणालात तर ते नाही म्हणणार नाहीत असं वाटतं. आणि शेवटची ‘धन्यवाद’ची स्लाइड काढून टाका. चर्चा सुरू होते तेव्हा पडद्यावर तीच अडकून पडते. तिच्या जागी तुमच्या मागण्या ठेवा : कोणत्या गावांच्या जागेसाठी तहसीलदारांसोबत बैठक हवी, कोणत्या गावांच्या वीजजोडणीसाठी महावितरणला पत्र हवं, कोणत्या ठेकेदारावर कारवाईला मान्यता हवी. चर्चा चालेल तितका वेळ ती यादी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहू द्या.